एक चित्रपट, अनेक मते

चित्रपट एकच असतो; पण तो पाहून उठणाऱ्यांची मते मात्र एक नसतात. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत हा मतभेद अधिकच तीव्र होतो. कारण चित्रपट जागच्या जागी राहतो आणि त्याकडे पाहणारा काळ पुढे सरकतो. अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने १९४० साली काढलेला ‘द सी हॉक’ हा समुद्री साहसपट याचे उत्तम उदाहरण आहे.

मायकेल कर्टिझ यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात एरॉल फ्लिन नायक आहे. कथा सोळाव्या शतकातील. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ आणि स्पेनचा राजा दुसरा फिलिप यांच्यात वैर धुमसत असते. कॅप्टन थॉर्प हा इंग्रज दर्यावर्दी स्पेनची जहाजे लुटतो आणि त्या लुटीचा लाभ राणीच्या खजिन्यालाही होतो. पनामाच्या जंगलात स्पॅनिश सोन्याचा काफिला गाठण्याचा त्याचा बेत फसतो. तो पकडला जातो आणि वल्ही मारणारा गुलाम म्हणून स्पॅनिश जहाजावर साखळदंडांनी जखडला जातो. तेथून सुटून तो स्पेनच्या नियोजित स्वारीचा पुरावा मिळवतो, मायदेशी परततो आणि दरबारातील फितुराचा निकाल लावतो.

अनेक प्रेक्षकांना हा चित्रपट आजही मोहून टाकतो. स्टुडिओतील पाण्याने भरलेल्या विशाल दालनात उभारलेली पूर्ण आकाराची जहाजे, एरिक कॉर्नगोल्ड यांचे भारदस्त संगीत आणि अखेरच्या तलवारयुद्धात भिंतींवर नाचणाऱ्या अजस्र सावल्या यांचे ते मनापासून कौतुक करतात. हे कौतुक निराधार नाही. कलादिग्दर्शन, ध्वनी, संगीत आणि विशेष दृश्ये या चार विभागांत चित्रपटाला ऑस्कर पुरस्काराची नामांकने मिळाली होती. संगणकाची मदत नसलेल्या काळात केवळ लाकूड, कापड, प्रकाश आणि माणसांचे कष्ट यांतून समुद्र उभा करणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

दुसऱ्या काही प्रेक्षकांचे समाधान होत नाही. याच दिग्दर्शकाचा आणि याच नायकाचा १९३८ सालचा रॉबिन हूडवरील चित्रपट रंगीत होता. मग हा कृष्णधवल का, असे त्यांना वाटते. दोन तासांहून अधिक लांबी त्यांना कंटाळवाणी वाटते. नायिकेच्या वाट्याला प्रेम करणे आणि वाट पाहणे याखेरीज फारसे काही आलेले नाही, ही तक्रारही रास्त आहे. तथापि हे मतभेद बहुतांशी आवडीनिवडीचे आहेत. आवडीवर वाद घालता येतो; निवाडा देता येत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. थॉर्पच्या व्यक्तिरेखेमागे फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीची छाया आहे. ड्रेकने १५७३ साली पनामात स्पेनचा खजिना लुटला आणि १५८१ साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. स्पेनच्या लेखी तो चाचा होता, इंग्लंडच्या लेखी वीर. परंतु त्याआधी, १५६० च्या दशकात, जॉन हॉकिन्सबरोबर त्याने आफ्रिकेतील माणसांना गुलाम म्हणून विकणाऱ्या सफरींत भाग घेतला होता. चित्रपटात इंग्रज खलाशांच्या पायांतील बेड्या दिसतात. इंग्रज जहाजांनी इतरांच्या पायांत घातलेल्या बेड्या दिसत नाहीत.

‘हा तर निव्वळ करमणुकीचा चित्रपट, त्यात इतिहास कशाला शोधायचा?’ असे यावर सांगितले जाते. हे उत्तर येथे टिकत नाही. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ब्रिटन हिटलरच्या जर्मनीशी झुंजत होते आणि अमेरिका अद्याप युद्धात उतरली नव्हती. जगाच्या नकाशासमोर उभा राहून सारे जग जिंकण्याची भाषा करणारा फिलिप आणि शेवटी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी प्रजेला आवाहन करणारी राणी यांचा रोख त्या युद्धाकडे होता. ज्या कलाकृतीने इतिहासाच्या आधारे स्वतःच्या काळाशी संवाद साधला, तिला इतिहासाविषयी प्रश्न विचारणे अन्यायाचे ठरत नाही.

हा प्रश्न भारतीय प्रेक्षकाला परका नाही. मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक, म्हणजे परवाने, घ्यावेत असा आग्रह धरला. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने तो हक्क मानला नाही आणि त्यांना चाचा ठरवले. लुटीचा वाटा स्वीकारणाऱ्या राणीचा खलाशी शूर वीर आणि आपल्या किनाऱ्यावर हक्क सांगणारा सरखेल मात्र चाचा! स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ साली मुंबईतील आपल्या तळाला आंग्रे यांचे नाव दिले. एखाद्याला कोणते विशेषण लावले गेले, याबरोबरच ते कोणी लावले हेही पाहावे लागते.

म्हणून हा चित्रपट टाकाऊ ठरतो काय? मुळीच नाही. किंबहुना त्यातील एक प्रसंग विचार करायला लावणारा आहे. राणी भर दरबारात स्पेनच्या राजदूतासमोर आपल्या दर्यावर्दींना कडक शब्दांत सुनावते आणि नंतर एकांतात थॉर्पची पनामाची योजना ऐकून घेते. सत्तेचा हा दुटप्पीपणा चित्रपटानेच दाखवला आहे. डोळस प्रेक्षकाला तो दिसतो. केवळ तलवारींची चमक पाहणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो.

आवडले म्हणून सारे खरे मानणे आणि खटकले म्हणून सारे त्याज्य ठरवणे, ही दोन्ही टोके सारखीच चुकीची आहेत. मनमुराद आनंद घ्यावा. पण पडद्यावर कोणाची बाजू आली आणि कोणाची राहून गेली, याचाही विचार करावा. मते भिन्न असण्यात दोष नाही. दोष आहे तो कारणाशिवाय मत बनवण्यात.