चार्जिंग केंद्र आणि गावची डी.पी.

विजेवर चालणाऱ्या गाड्या आता केवळ शहरच्या नवलाईची वस्तू राहिलेल्या नाहीत. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरांस एक चार्जिंग केंद्र असावे, असे राज्य सरकारच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात ठरले आहे. नागपूर-रायपूर महामार्ग आपल्या देवरीवरूनच जातो. तेव्हा आज ना उद्या चिचगडच्या रस्त्याकाठीही अशा केंद्रासाठी कास्तकारांकडे जागेची मागणी होणार, हे उघड आहे. या सुधारणेस आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न इतकाच, की केंद्राची वीज कोणत्या डी.पी.वरून घ्यावयाची?

हिशेब साधा आहे. ५ अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॉट. जलद चार्जिंगचे यंत्र ६० किलोवॉटचे धरले, तर एक मोटारगाडी उभी राहताच १६ पंप एकदम सुरू झाल्यासारखे होते. ६३ के.व्ही.ए.ची डी.पी. एवढ्यानेच भरून जाते. घरच्या दिव्यांस व धानगिरणीस काही उरत नाही. उन्हाळी धानाच्या दिवसांत लाइनीच्या शेवटच्या टोकास दाब किती उतरतो, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको. दाब उतरला की मोटार अधिक करंट ओढते, तापते आणि अखेर जळते. वाइंडिंगचा खर्च मात्र बांधीच्या मालकाच्या माथी.

ज्या जिल्ह्यात तिरोड्यास ३,३०० मेगावॉटचे औष्णिक वीजघर आहे, तेथे विजेची चिंता कशाला, असे कोणी विचारील. परंतु उणीव विजेची नसून शेवटच्या तारेची व डी.पी.ची आहे. शेतीच्या वाहिनीवर तीन फेजची वीज ठरावीक तासच असते. तिच्यावर केंद्र चालणार नाही. म्हणजे भार गावठाणाच्या वाहिनीवर येणार, आणि जेथे या दोन वाहिन्या अद्याप वेगळ्या झालेल्या नाहीत तेथे घर व शेत दोहोंसही झळ पोहोचणार.

यास्तव जलद केंद्रास ११ के.व्ही. लाइनीवरून स्वतंत्र डी.पी. असावी व तिचा खर्च केंद्रचालकाने सोसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मंजुरीपूर्वी लाइनीवरील भार चैत्रात मोजावा. श्रावणातील मोजणी काय कामाची? वाहनाच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याची मुभा २०२४ च्या नियमदुरुस्तीने ग्राहकास मिळाली आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. दुचाकीची गोष्ट निराळी. तिला रात्रभरात तीनेक युनिटे पुरतात, तिच्यासाठी घरचा प्लग पुष्कळ झाला. चिचगडच्या बाजारास तूर्त अशी लहान यंत्रे पुरेशी आहेत.

सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळात केंद्रांस वीज स्वस्त व इतर वेळी महाग असावी, अशी केंद्र सरकारची सप्टेंबर २०२४ ची मार्गदर्शक सूचना आहे. सौर विजेचा हा काळ. पण सौर वाहिनीवरील पंपही नेमके तेव्हाच चालतात. येथे केंद्राने स्वतःची बॅटरी ठेवणे हा उपाय आम्हांस पटतो. आपली बोडी पावसाळाभर हळूहळू भरते आणि ताण पडला की थोड्याच दिवसांत सर्व बांध्या भिजविते, तसेच हे आहे. लाइनीवरून थोडी थोडी वीज साठवावी आणि गाडीस झपाट्याने द्यावी. बॅटरी महाग पडते हे खरे, परंतु तो भुर्दंड गावाच्या मोटारींवर टाकणे न्यायाचे नव्हे.

जागा भाड्याने देणाऱ्या सभासदांनी करारपत्रात स्वतंत्र डी.पी.चे कलम अवश्य घालून घ्यावे. डी.पी. येईपर्यंत शेतीच्या मीटरवरून काम चालवू, असे कोणी म्हटल्यास साफ नकार द्यावा. शेतीची वीज दुसऱ्या कामी वापरणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर होतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. ते बिल मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्याच घरी येते.