पहिल्या वर्षी मैदानात की बाहेर?

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत ऑगस्टमध्ये फुटबॉलचा सराव सुरू होतो. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट आणि खांद्यांवर जाड कवच चढवून एकमेकांवर आदळण्याचा तो अमेरिकन फुटबॉल. नुकतीच बारावी संपवून आलेली अठरा वर्षांची मुले त्यात असतात आणि त्यांच्याबाबत दरवर्षी प्रशिक्षकांपुढे एकच प्रश्न असतो: याला यंदा सामन्यांत उतरवायचे, की वर्षभर राखून ठेवायचे? या राखून ठेवण्याला तिकडे ‘रेडशर्ट’ करणे म्हणतात. त्यावर तिथे चर्चा भरपूर होते, पण ती जवळपास सगळी डावपेचांची असते. मला हा प्रश्न मुळात वैद्यकीय वाटतो, आणि तो आज ज्या रीतीने सोडवला जातो त्यात एक मोठी गफलत आहे.

नियम थोडक्यात सांगतो. महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमांनुसार खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. उरलेले एक वर्ष रेडशर्टचे. १९३७ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातल्या वॉरन आल्फसन नावाच्या खेळाडूने ‘सराव करीन, पण यंदा सामने खेळणार नाही’ अशी परवानगी मागितली आणि सरावात तो क्रमांक नसलेला लाल सदरा घालायचा, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. पूर्वी बहुतेक काळ हा प्रश्न पडतच नसे, कारण पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळण्याची मुभाच नव्हती. ती १९७२ मध्ये मिळाली. पुढे २०१८ मध्ये नियम आणखी सैल झाला: चार सामन्यांपर्यंत खेळले तरी ते वर्ष खर्ची पडल्याचे धरले जात नाही. नियमित हंगाम बारा सामन्यांचा असतो, म्हणजे चार सामने ही काही थोडीथोडकी चव नव्हे.

दोन्ही बाजूंना उदाहरणे आहेत. हर्शेल वॉकर १९८० मध्ये पहिल्याच वर्षी जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळला आणि संघ राष्ट्रीय विजेता ठरला. उलट जॉनी मॅन्झिएलला टेक्सास ए अँड एमने २०११ चे वर्ष बाहेर ठेवले. पुढच्याच वर्षी त्याने हाइझमन ट्रॉफी जिंकली. प्रशिक्षक अशी उदाहरणे एकमेकांच्या तोंडावर फेकत राहतात. त्यांतून सिद्ध काहीच होत नाही, कारण ही असामान्य मुले होती आणि आपला प्रश्न सामान्य मुलांचा आहे.

अठरा आणि बावीस या वयांत चारच वर्षांचे अंतर दिसते, पण शरीराच्या दृष्टीने ते बरेच मोठे आहे. गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक पूर्ण जुळून यायला विशी ओलांडून काही वर्षे जावी लागतात. हाडांची घनता विशीभर वाढत असते. मेंदूच्या पुढच्या भागाची घडण पंचविशीपर्यंत चालते. शिवाय व्यायामशाळेत वजने उचलून स्नायू काही महिन्यांत फुगतात, पण स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे त्या वेगाने मजबूत होत नाहीत. इंजिन मोठे बसवले आणि चेसिस जुनीच ठेवली, असा तो प्रकार. हे अंतर सर्वांत जास्त भोवते ते आघाडीच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूंना, म्हणजे लाइनमनना. त्यांना प्रत्येक डावाच्या सुरुवातीलाच समोरच्या तितक्याच वजनदार माणसाला धडक द्यायची असते, आणि समोरचा बहुधा बावीस-तेवीस वर्षांचा असतो.

इथपर्यंत रेडशर्टची बाजू भक्कम वाटते. एक वर्ष थांबा, शरीर भरू द्या, मग उतरा. गफलत आहे ती ‘थांबा’ या शब्दात.

माझ्याबरोबर एमबीबीएस केलेला एक मित्र टेक्सासमध्ये स्थायिक आहे. त्याच्या शेजारच्यांचा मुलगा असाच एका विद्यापीठात रेडशर्ट झाला. फोनवर मित्र म्हणाला, ‘अरे, खेळत तर नाहीये ना तो, मग काळजी कसली?’ डॉक्टर असूनही त्याला असे वाटले, यात नवल नाही. बहुतेकांना तसेच वाटते. प्रत्यक्षात रेडशर्ट खेळाडू रोज मैदानावर असतो. पुढच्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून मुख्य संघाला सराव देणारा एक वेगळा संघ असतो, ‘स्काउट टीम’. नवी मुले बहुधा तिथे जातात. मुख्य संघाच्या तयार खेळाडूंच्या धडका झेलणे हेच त्यांचे काम.

आता सरावात नेमके काय होते, ते पाहू. २०१५ ते २०१९ या काळात सहा विद्यापीठांतल्या ६५८ खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये संवेदक बसवून केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूला हादरा बसण्याच्या, म्हणजे कन्कशनच्या एकूण घटनांपैकी ७२ टक्के सरावात घडल्या होत्या, सामन्यांत नव्हे. एकूण घटनांपैकी जवळपास निम्म्या हंगामापूर्वीच्या काही आठवड्यांच्या सराव शिबिरातल्या होत्या. त्याच वर्षी एनसीएएने शिबिरातल्या पूर्ण धडकांच्या सरावाला कात्री लावली, हे चांगलेच झाले. पण रेडशर्टच्या निर्णयाशी या आकड्यांची सांगड कोणी घातली नाही. मुलाला सामन्यांतून काढून सरावात ठेवले, तर हादऱ्यांचा छोटा वाटा टळतो आणि मोठा तसाच राहतो.

उलट हिशेब केला तर तोटाही दिसतो. रेडशर्ट झालेला मुलगा चार हंगाम सामने खेळतो, पण सराव पाच वर्षे करतो. वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांमुळे मेंदूला होणारा सीटीई नावाचा ऱ्हास आता बराच परिचित झाला आहे. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंवर केलेल्या अभ्यासात खेळाच्या प्रत्येक जादा वर्षामागे सीटीई आढळण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली दिसली. दान केलेले मेंदू हा निवडक नमुना असतो. बहुतेकदा त्रास झालेल्यांचीच कुटुंबे पुढे येतात. त्यामुळे या आकड्यावरून सर्व खेळाडूंचे भाकीत करू नये. पण वर्षे वाढली की धोका वाढतो, ही दिशा स्पष्ट आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. लाइनमनच्या बाबतीत रेडशर्टचे वर्ष हे बऱ्याच ठिकाणी खाण्याचे वर्ष असते. सव्वाशे किलोचा मुलगा येतो, त्याला पुढच्या ऑगस्टपर्यंत एकशे पस्तीस-चाळीस किलो व्हायला सांगतात. २०१३ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगविषयक नियतकालिकात पहिल्या वर्षाच्या ११३ खेळाडूंचा अभ्यास आला होता. एकाच हंगामात त्यांचा रक्तदाब वाढला, लाइनमनचा जास्त, आणि त्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंतही जाड झाली. हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांबद्दल आहे. असा बदल आम्ही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पन्नाशीच्या रक्तदाब रुग्णांत पाहतो. शरीर भरू द्यायला दिलेले वर्ष असे चरबी चढवण्यात जात असेल, तर त्यापेक्षा त्याला खेळवलेले काय वाईट?

मग माझे मत काय? लाइनमनना पहिल्या वर्षी जवळपास नेहमीच बाहेर ठेवावे, मात्र दोन अटींवर: स्काउट टीममध्ये त्यांना रोज जुंपायचे नाही, आणि वजनवाढीला डॉक्टरची मर्यादा असली पाहिजे. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकचे गणित वेगळे आहे. त्याची कारकीर्दच छोटी. शाळा संपल्यावर तीन वर्षांनी तो व्यावसायिक एनएफएलमध्ये जाऊ शकतो आणि रेडशर्टचे वर्षही त्या तिनांत मोजले जाते. तो तयार असेल तर खेळवावा. त्याला सरावात झिजवत ठेवण्यात त्याचा काहीच फायदा नाही. क्वार्टरबॅकला सरावात सहसा हात लावायचा नसतो, म्हणून त्याच्यासाठी थांबण्याचे वर्ष खरोखरच थांबण्याचे असते. तिथे प्रशिक्षकांनी हवा तो निर्णय घ्यावा.

चार सामने कोणते द्यायचे, यालाही महत्त्व आहे. ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरात अमेरिकेच्या दक्षिणेत उकाडा भयंकर असतो. शरीराला उष्णतेत कष्टांची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. एनसीएएने २००३ मध्ये सरावाचे पहिले पाच दिवस हलके ठेवायला लावले, ते याचसाठी. नव्या मुलाचे सामने ऑक्टोबरनंतर ठेवावेत. तोवर त्याची ताकद, चालरीत, झोप, सगळे पाहून होते आणि निर्णय अंदाजावर घ्यावा लागत नाही.

उष्माघात मात्र रेडशर्ट पाहून येत नाही. मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा लाइनमन रेडशर्ट झालेलाच होता. २९ मे २०१८ रोजी, हंगाम तीन महिने दूर असताना, धावण्याच्या सरावात तो कोसळला आणि १३ जूनला गेला. अशा रुग्णाला जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बुडवणे हा उपचार आहे; तो झाला नाही. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे जबाबदारी स्वीकारली. डेल लॉइड हा राइस विद्यापीठाचा पहिल्या वर्षाचा खेळाडू २००६ मध्ये सरावानंतरच दगावला. तो सिकलसेल वाहक होता, हे नंतर कळले. त्या प्रकरणानंतर, २०१० पासून, एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत सिकलसेल तपासणी आवश्यक झाली. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा शब्द घरोघरी माहीत आहे. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे आणि वाहकाने खेळू नये असेही नाही. पण उकाड्यात, पाणी कमी पडलेले असताना, न थांबता धावायला लावले तर त्याचे स्नायू विरघळू लागतात. नव्याने आलेला, प्रशिक्षकाच्या नजरेत भरण्यासाठी धडपडणारा मुलगा ‘थांबतो’ असे म्हणत नाही. आपल्याकडे पोलीस भरतीच्या धावण्यात कोसळणारी मुले तरी कुठे म्हणतात?

राहिला प्रश्न निर्णय कोणी घ्यायचा याचा. आज तो प्रशिक्षकाचा असतो, आणि प्रशिक्षकाची नोकरी यंदाच्या निकालांवर टिकते. त्यात आता खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसरीकडे सहज जाता येते आणि पैसेही उघडपणे मिळतात. वर्षभर पोसलेला मुलगा पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या संघात दिसला तर काय उपयोग, म्हणून त्याला घाईने उतरवण्याचा मोह वाढला आहे. २०१६ मध्ये बड्या परिषदांनी एक चांगला नियम केला: दुखापतीनंतर खेळाडू परत केव्हा उतरणार, यावर संघाच्या डॉक्टरचा शब्द अखेरचा, प्रशिक्षकाला तो फिरवता येणार नाही. हाच अधिकार पहिल्या वर्षाच्या मुलाच्या सरावापर्यंत वाढवायला हवा. हेल्मेटमधले संवेदक आहेत, रक्तदाबाचे यंत्र आहे, वजनकाटा आहे. आठवड्याला किती धडका, महिन्याला किती किलो, याची मर्यादा डॉक्टरने लिहून द्यावी आणि ती ओलांडली गेली तर त्या आठवड्यात मुलाने फक्त बाजूला उभे राहून डाव पाहावेत.