वेबसाइट उद्या कोण सांभाळणार?

इंदूरच्या स्नेहलतागंजमधले एखादे वाचनालय, छोटा दवाखाना किंवा मराठी मंडळ वेबसाइट करायचे ठरवते तेव्हा बैठकीतली चर्चा लगेच रंगांवर, फोटोंवर आणि खर्चावर जाते. ती साइट तीन वर्षांनी कोण चालवणार, हे मात्र कोणी विचारत नाही. वेबचे काम शिकलेली इंदूरची कितीतरी मुले नोकरीसाठी पुण्याला नाहीतर बंगळुरूला जातात, आणि संस्थांच्या कार्यकारिणीही ठरावीक काळाने बदलतात. छोट्या वेबसाइट मरतात त्या बहुधा याच सांध्यावर. म्हणून मुक्तस्रोत सीएमएस, म्हणजे कोड न लिहिता मजकूर आणि छायाचित्रे चढवता येतील अशी खुली प्रणाली, निवडताना सगळ्यात आधी एकच कसोटी लावावी, असे माझे ठाम मत आहे: पहिला माणूस गेल्यावर त्याला फोनही न करता दुसऱ्याला काम पुढे नेता येईल का?

मुक्तस्रोत प्रणालींचा इतिहासच या कसोटीतून घडला आहे. बी-टू नावाच्या ब्लॉग-प्रणालीचे काम तिच्या कर्त्याकडून थांबले, तेव्हा मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी तोच कोड उचलून २००३ मध्ये वर्डप्रेस आणले. कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही. जीपीएल परवान्याने ती आधीच दिलेली होती. २००५ मध्ये मांबो नावाच्या सीएमएसच्या मालकीवरून वाद झाला, तेव्हा तिच्यावर काम करणारे बाहेर पडले आणि जूमला जन्माला आली. मुक्तस्रोत म्हटले की आपल्याकडे ‘फुकट’ एवढेच ऐकू येते. छोट्या संस्थेला त्यातली खरी मोलाची गोष्ट आहे ती मालक बदलला तरी काम न अडण्याची.

मग या प्रणालींपैकी कोणती? द्रुपलचे नाव मराठी वाचकाला माहीत नसले तरी तिचे काम त्याने पाहिलेले असते. मनोगत आणि मिसळपाव ही मराठी संकेतस्थळे तिच्यावरच उभी राहिली. शेकडो सदस्य लिहिणार, प्रतिसाद देणार, अशा ठिकाणी ती भक्कम आहे. पण जानेवारी २०११ मध्ये आलेल्या द्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, आणि तिथून पुढच्या आवृत्तीवर जाणे म्हणजे जवळजवळ नव्याने बांधकाम. दहा पानांच्या साइटसाठी हे कोण करणार? जूमलात एकाहून अधिक भाषांची सोय मुळातच आहे. मराठी आणि हिंदी दोन्ही लागणाऱ्या इंदूरला ती उपयोगी, आणि वर्डप्रेसला त्यासाठी वेगळे प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, लावावे लागते, हे मान्य. तरीही मी वर्डप्रेसच सुचवेन. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट तिच्यावर चालतात, त्यामुळे ती येणारा माणूस इंदुरात शोधायला फार वणवण करावी लागत नाही. मात्र प्लगिन मोजकेच ठेवावेत. आणि वर्षातून दोनदाच मजकूर बदलणार असेल तर सीएमएसच नको; साधी एचटीएमएल पाने पुरतात.

मराठीसाठी एक बारीक गोष्ट पाहून ठेवावी. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकातूनच त्याचा पत्ता तयार करते आणि त्याला दोनशे चिन्हांची मर्यादा घालते. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त पत्त्यात नऊ-नऊ चिन्हांचे होते. ‘शारदीय नवरात्रोत्सव व्याख्यानमाला’ असे शीर्षक दिले, तर पत्ता ‘व्या’पाशीच तुटतो. पुढच्या वर्षी तेच शीर्षक दिले की त्याच तुटक्या पत्त्याला नुसता दोनचा आकडा जोडला जातो. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला दुवा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक ओळ होऊन पोहोचू शकतो, तो वेगळाच. लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हाताने आखूड करायचा, रोमन अक्षरांत आणि सालासह, ही सवय पहिल्याच दिवशी लावावी.

फेसबुकचे पान आणि व्हॉट्सअॅपचा गट असताना हा खटाटोप कशाला, असे अनेकांना वाटते. आजच्या कार्यक्रमाची खबर द्यायला ती साधने उत्तमच आहेत. पण जिओसिटीज २००९ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये आणि याहू ग्रुप्स २०२० मध्ये बंद झाले, आणि वेळेत उतरवून न घेतलेला मजकूर त्यांच्याबरोबर गेला. मासिक भाडे घेऊन साइट चालवणाऱ्या तयार सेवा सोप्या असतात, अद्ययावत करण्याची कटकट नसते, हेही खरे. पण त्यांतल्या अनेकींमधून अख्खी साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वर्डप्रेस हॅक होते ही भीती अनाठायी नाही. मात्र भगदाडे बहुतेक प्लगिनमध्ये सापडतात, आणि मूळ प्रणालीच्या छोट्या सुरक्षा-दुरुस्त्या २०१३ पासून आपोआप बसतात.

सगळ्यात वजनदार आक्षेप २०२४ मधला. मलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यातल्या भांडणात त्या कंपनीला वर्डप्रेस डॉट ऑर्ग या वर्डप्रेसच्या मुख्य संकेतस्थळावरून तोडले गेले, तिचे एक लोकप्रिय प्लगिनही तिथे ताब्यात घेतले गेले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. खुल्या कोडच्या वाटांवरही एका माणसाचा पहारा असू शकतो, हे त्यातून दिसले, आणि ते मला अजिबात आवडलेले नाही. पण त्या भांडणात कोणाचा लिहिलेला मजकूर अडकून पडला नाही. डेटाबेसची प्रत आणि छायाचित्रांचा फोल्डर घेऊन कोणीही दुसऱ्या सर्व्हरवर जाऊ शकत होता.

ती वाट आपल्यालाही मोकळी हवी असेल, तर डोमेन आणि होस्टिंग साइट करून देणाऱ्याच्या नावावर नव्हे, संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर घ्यावे. बॅकअपची प्रत दर महिन्याला पदाधिकाऱ्यांकडे यावी, आणि पासवर्ड हिशेबाच्या वह्यांबरोबर नव्या सचिवाच्या हाती रीतसर सोपवले जावेत.