शेवटची भैरवी आणि रुसलेले प्रेक्षक

मैफलीची अखेर बिघडली की श्रोते आधीच्या तीन तासांवरही रुसतात, असे दरबारात गाणारे आमचे वडील म्हणत. अमेरिकेतील 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेचे नेमके तेच झाले. १९८९ साली सुरू झालेल्या या मालिकेचा अखेरचा भाग १४ मे १९९८ रोजी सुमारे ७ कोटी ६० लाख लोकांनी पाहिला, आणि त्यांतील पुष्कळजण चिडले.

कारण उघड होते. 'गळाभेट नाही, बोध नाही' हा दंडक मालिकेने नऊ पर्वे पाळला होता. अखेरीस मात्र, एका माणसाला लुटले जात असता थट्टा करीत उभे राहिले म्हणून चारही प्रमुख पात्रांवर खटला भरला, जुन्या भागांतली माणसे साक्षीला आली आणि चौघांना वर्षभराचा तुरुंगवास झाला. ज्या वागण्याला प्रेक्षक इतकी वर्षे हसले, तोच गुन्हा ठरला. जणू हसणाराही आरोपी!

तथापि कोठडीत जेरी जॉर्जच्या सदऱ्याच्या गुंडीविषयी बोलतो, ते पहिल्याच भागातले बोलणे. कोणी काही शिकले नव्हते. मुखडा समेवर आला होता. रचना बिनचूक होती, पण साक्षीदारांच्या लांबलचक रांगेने श्रोता थकला आणि मुखडा त्याच्या कानावर पडलाच नाही.

२०२४ साली लेखक लॅरी डेव्हिड यांनी 'कर्ब युवर एन्थुझिअॅझम' या आपल्या दुसऱ्या मालिकेची अखेर तशाच खटल्याने केली. या वेळी मात्र सुटका झाली, आणि तेव्हाही असेच करावयास हवे होते, अशी कबुलीही आली. श्रोत्यांचा रुसवा सव्वीस वर्षे मनात ठेवणारा कलावंत विरळाच. परका श्रोता मुकाट उठून जातो; रुसतो तो आपला, हे त्यांना उमगले असावे.