लाल शाईच्या आधी

निबंधाच्या वह्या तपासून परत मिळाल्या की वर्गात काय घडते, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. विद्यार्थी वही उघडतो, शेवटी लिहिलेले गुण पाहतो आणि वही मिटतो. मधल्या पानांवर लाल खुणा करण्यात गेलेली गुरुजींची रात्र वाया जाते. चूक मुलाची, पण ती शोधण्याचे श्रम दुसऱ्याचे. मग तिच्यातून मिळणारे शिक्षण मुलापर्यंत पोहोचणार कसे?

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या साधनांत लाकडी दट्ट्यांची जागा चुकली की शेवटी एक दट्ट्या उरतो. ‘चुकलास’ असे कुणी म्हणावे लागत नाही. मूल आपणहून पुन्हा मांडायला बसते. गिजुभाई बधेकांनी ही दृष्टी भावनगरच्या बालमंदिरात आणली, ताराबाई मोडकांनी ती बोर्डी-कोसबाडच्या खेड्यापाड्यांत नेली. बालवाडीत ती रुजली. पहिलीच्या उंबरठ्यावर मात्र आपण तिला बाहेरच ठेवले.

शब्दांना दट्ट्यांसारख्या खाचा नसतात, हे मान्य. तरीही पडताळ्याची साधने मुलाच्या हाती देता येतात. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाटी, वाळू. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचा इकार-उकार ह्रस्व: विळी, सुरी, किडा. एवढे दोन नियम पुठ्ठ्यावर लिहून चौथीच्या मुलाला द्यावेत आणि वही देण्यापूर्वी शिसपेन्सिलीने स्वतःच खुणा करायला सांगावे. ‘परीक्षा’ या शब्दापाशी ते अडेल. नियमात तर बसत नाही! मग शब्दकोश उघडला जाईल आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला अपवाद का, हे कळेल. हे अडणे दहा लाल खुणांहून मोलाचे आहे. जोडीला एक वाचनवही असावी. धडा वाचताना कोठे अडलो, काय कळले नाही, एवढेच तिच्यात लिहायचे. या वहीला गुण नकोत. गुण आले की मुले खरे लिहिणे सोडतात.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनाला व सहाध्यायांच्या मूल्यमापनाला स्थान दिले, हे स्वागतार्हच आहे. भीती वेगळीच आहे. आपल्याकडे कोणत्याही चांगल्या कल्पनेचा तक्ता होतो आणि तो फळ्यावरून उतरवून घेतला जातो. ‘मी स्वतःविषयी काय शिकलो’ याचे उत्तर साऱ्या वर्गाचे एकच असेल, तर ते शुद्धलेखन झाले, आत्मपरीक्षण नव्हे.

साठ वह्यांचा गठ्ठा समोर असलेल्या शिक्षकाला हे नवे ओझे वाटेल. पण मुलाने आधी स्वतःच्या खुणा केल्या असतील, तर शिक्षकाला केवळ त्याच्या नजरेतून सुटलेलेच पाहायचे आहे. आणि घरी वही उघडल्यावर ‘किती मिळाले?’ याआधी ‘तुला स्वतःला काय सापडले?’ असे विचारायला पालकांना तर तक्ताही लागत नाही.