कॅमेरा छातीवर, हात मोकळे

हिंवाळ्यांतील एखाद्या शनिवारीं रात्रीं चर्नी रोड स्टेशनाच्या पुलावर उभें राहिलें असतां, पाठीवर सॅक बांधलेलीं आमच्या गिरगांवांतील मुलें गाडी पकडण्यास धांवतांना दिसतात. दादरास गाडी बदलून कसारा गांठावयाचें, तेथून मिळेल त्या वाहनानें बारी गांवीं जावयाचें आणि पहांटे कळसूबाई चढूं लागावयाचें, हा पुष्कळांचा ठरलेला क्रम. हा छंद आम्हांस मनापासून आवडतो. परंतु त्यांच्या गळ्यांत लोंबणारा कॅमेरा पाहिला म्हणजे आमच्या मनांत जी चिंता उत्पन्न होते, ती आज वाचकांपुढें मांडण्याची इच्छा आहे.

गतवर्षीं आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह त्याच शिखरावर गेलों होतों. कळसूबाई १६४६ मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर. वाटेंतील उभ्या कातळांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. उतरतांना एका मुलाचा कॅमेरा शिडीच्या पायरीवर आदळला. तो वांचविण्यासाठीं त्यानें शिडीवरील एक हात सोडला, आणि त्याच क्षणीं त्याचें पाऊल घसरलें. खालीं असलेल्या सोबत्यानें त्यास सांवरून धरलें, म्हणून गुडघा फुटण्यावर निभावलें. मुलाचा दोष फारसा नव्हता. निघतांना आम्हीं पाण्याच्या बाटल्या मोजल्या, कोरडें अन्न पाहिलें, पण कॅमेरे कोणी कसे घेतले आहेत, हें पाहिलें नाहीं. दोष आमचा होता.

गळ्यांतील कॅमेरा सपाट रस्त्यावर शोभतो, डोंगरांत नव्हे. मोठ्या भिंगासह त्याचें वजन एक-दीड किलो सहज भरतें. सॅक खांद्यांस मागें ओढते, कॅमेरा मानेस पुढें ओढतो, आणि वांकतांच तो घड्याळाच्या लंबकाप्रमाणें झोंके घेऊं लागतो. मग एक हात त्यास आवरण्यांतच गुंततो. कांहीं शहाणे तो सॅकच्या तळाशीं ठेवतात. परंतु सॅक उतरून बंद सोडीपर्यंत पांखरूं उडून जातें, व दोन-तीनदां असें झालें कीं कॅमेरा पुन्हां गळ्यांत येतो.

ह्यावर उपाय साधा आहे. सॅकचें ओझें खांदे व कंबर मिळून वाहतात. कॅमेऱ्याचेंहि वजन त्याच पट्ट्यांवर टाकावें. पुष्कळ सॅकांच्या खांद्यावरील पट्ट्यांस छातीच्या उंचीवर लहान कड्या असतात. त्यांत दोन मजबूत आंकडे घालून कॅमेऱ्याचा पट्टा आंखूड करून अडकविला, तर मान मोकळी होते. सॅकचा छातीवरील आडवा पट्टा आवळला म्हणजे कॅमेऱ्याचें हेलकावणेंहि कमी होतें. दुसरा उपाय म्हणजे खांद्याच्या पट्ट्यावर घट्ट बसणारा धातूचा चाप. कॅमेऱ्याच्या तळाशीं तिवईसाठीं पाव इंची स्क्रूचें भोंक असतें. तेथें एक पट्टी बसवितात आणि ती चापांत सरकवितात. खटका दाबतांच कॅमेरा हातीं येतो. मात्र भिंग खालीं झुकलेलें असावें, स्क्रू दर सकाळीं आवळून पाहावा, आणि सॅक उतरण्यापूर्वीं कॅमेरा काढून घ्यावा.

एवढें करूनहि शिडी किंवा उभा कातळ आला म्हणजे कॅमेरा सॅकमध्येंच गेला पाहिजे. छातीवरील कॅमेरा पायांखालचें दिसूं देत नाहीं व शिडीशीं शरीर भिडूं देत नाहीं. येथें दोन मिनिटांचा आळस करूं नये.

कोणी म्हणेल, खिशांत मोबाईल असतां ही यातायात कशाला? परंतु एका हातांत मोबाईल उंचावून कातळ उतरणाराहि आम्हीं पाहिला आहे. यंत्र लहान झालें, म्हणून धोका लहान होत नाहीं.

सॅम्युअल बोर्न ह्या इंग्रज छायाचित्रकारानें १८६३ ते १८६६ ह्या काळांत हिमालयांत तीन प्रवास केले. कांचा, रसायनें व तंबू वाहण्यास त्याच्याबरोबर डझनांवारी हमाल असत. त्याचे हात मोकळे होते, कारण ओझें दुसऱ्यांच्या पाठीवर होतें. आमचीं मुलें आपलें ओझें आपणच वाहतात, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. त्यांचे हात मोकळे राहावे, ह्याची व्यवस्था मात्र त्यांनीं व आम्हीं मिळून करावयाची आहे. पुढील सहलीस निघण्यापूर्वीं आम्ही शाळेच्या अंगणांत प्रत्येकाची सॅक पाठीवर चढवून, कॅमेरा जागेवर लावून, त्यास दहा वेळां वांकावयास लावणार आहों. मुलें हंसतील, हंसोत. चित्र एखादें हुकलें तर पुढच्या खेपेस मिळेल. शिडीवरचा हात मात्र सुटतां कामा नये.