पवनचक्कीची पीकपाहणी

सातारा जिल्ह्यांत पाटणजवळ वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. तेथें जोराचा वारा मुख्यतः पावसाळ्यांतच मिळतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्यांतील शक्ति आठपट होते. तेव्हां आषाढांत एक दिवस बंद राहिलेली चक्की मोठेंच नुकसान करते.

पात्यांकडे व दंतचक्रांकडे सर्वांचें लक्ष असतें. विजेचा बिघाड मात्र मुकाट्यानें वाढतो. सैल जोड तापतो, तीन फेजांतील प्रवाह विषम होतो, तारांवरील रोधक आवरण कमकुवत होतें. हीं लक्षणें आधींच मोजतां येतात. चक्कींतील संगणक प्रवाह, दाब व उष्णमान अहोरात्र नोंदवीत असतो. परंतु न वाचलेली नोंद ही शिवार न पाहतां भरलेल्या पीकपाहणीसारखीच निरुपयोगी होय.

आमचें मत असें कीं, पावसापूर्वीं चालू चक्कीचे जोड उष्णतादर्शक कॅमेऱ्यानें पाहावे, चक्की थांबवून आवरणाचा रोध मोजावा, व हंगामांत तिचे आंकडे शेजारच्या चक्कीशीं रोज ताडावे. वारा सारखा असून एकीची वीज कमी भरली, तर दोष शोधण्यास विलंब लावूं नये.

ज्या शेतकरी बंधूंनीं उत्पन्नाच्या हिश्शावर जमीन दिली असेल, त्यांनीं ही अट करारांत लेखी घालून घ्यावी. निघून गेलेला वारा कोणत्याही बंधाऱ्यानें अडत नाहीं.